कोकणात राहून व्हायोलिनवादन आणि अध्यापन: या पेशाची आखणी कशी करावी

रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ, सावंतवाडी अशा गावांत राहून व्हायोलिन हाच आपला पेशा करायचा, असे ज्यांनी ठरवले आहे त्या तरुण वादकांसाठी हे लिहीत आहे. संगीताची विशारद परीक्षा झाली की घरचे आणि बाहेरचे सगळे एकच सल्ला देतात, की आता मुंबई नाहीतर पुणे गाठ. काही जणांच्या बाबतीत तो सल्ला योग्यही असतो. परंतु किनारपट्टीवर राहून हा पेशा करता येतो, आणि मी तो गेली २६ वर्षे करीत आहे. त्यासाठी एक गोष्ट मनाशी पक्की असावी लागते, ती म्हणजे वादन आणि शिकवणे ही दोन वेगळी कामे धरू नयेत. नुसत्या कार्यक्रमांवर येथे घर चालत नाही, आणि नुसत्या वर्गांवर राहिलेल्या वादकाचा हात पाच-सात वर्षांत जड होतो. साथीला बसल्यावर जे कळते ते वर्गात न्यावे, आणि मुलाला समजावून सांगताना जे उलगडते ते पुढच्या बैठकीत वाजवून पाहावे. वर्षाची, पैशांची आणि रियाजाची सगळी आखणी या एका गोष्टीवरून करावी.

आधी गळा

आपल्याकडे व्हायोलिन गायकीच्या अंगाने रुजले आणि वाढले. पं. गजाननराव जोशी हे ग्वाल्हेर घराण्याचे गायक होते आणि व्हायोलिनवादकही होते. मूळचे गोव्याचे श्रीधर पार्सेकर, पुढे पं. डी. के. दातार आणि डॉ. एन. राजम यांच्या वादनात बंदिशीचे शब्द कानाला जवळजवळ ऐकू येतात. पं. व्ही. जी. जोग यांच्याकडे लयकारीची बाजू अधिक ठळक होती, पण त्यांच्याही आलापीचा पाया गाण्याचाच होता. म्हणून जो वादक गात नाही, त्याने आधी गायला शिकावे, असे माझे स्पष्ट मत आहे. आवाज चांगला असण्याची गरज नाही. बंदिश तोंडपाठ असावी, ती तालात म्हणता यावी, आणि कुठला शब्द कुठल्या मात्रेवर येतो हे हातावर टाळी देऊन दाखवता यावे. हे येत असले की गज, म्हणजे तारांवर फिरवायची केसांची काडी, कुठे वळवायचा हा प्रश्न उरत नाही, कारण शब्द संपतो तिथे गज वळतो आणि शब्द चालू असतो तोवर गज चालू राहतो.

कोकणच्या वादकाला आणखी एक परंपरा शेजारीच उपलब्ध आहे, तिचा लाभ फार थोडे जण घेतात. गोव्यातील चर्चच्या शाळांतून व्हायोलिन स्वरलिपीवर शिकवले जात असे, आणि त्या शिक्षणातून तयार झालेले अनेक वादक मुंबईच्या चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत गेले. गोव्यातल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांपैकीच, आणि संगीतकार प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. मांडो हे गोव्याचे गीत गाताना घुमट या मातीच्या तालवाद्याबरोबर व्हायोलिन तिथे आजही वाजते. या पद्धतीने शिकलेला एखादा वादक आपल्या आसपास असेल तर त्याच्याकडे सहा महिने जावे, पाश्चात्त्य स्वरलिपी वाचायला शिकावी, आणि विशेषतः उजव्या मनगटाची शिस्त पाहून घ्यावी. ध्वनिमुद्रणाच्या कामात आणि चर्चमधील विवाहांत ही विद्या थेट उपयोगी पडते, पण त्याहून मोठा लाभ असा की गजाचा आवाज स्वच्छ होतो.

रोजच्या रियाजात पहिला अर्धा तास मोकळ्या तारांना द्यावा. तीनतालाच्या विलंबित लयीत एक गज १६ मात्रा पुरवायचा, डावे बोट तारेला लावायचे नाही, आणि मुठीपासून टोकापर्यंत आवाजाची जाडी सारखी राहते का, एवढेच ऐकायचे. टोकाकडे आवाज पातळ होतो, कारण गजाचे वजन मुठीकडे असते. तिथे तर्जनीने हलका भार द्यावा लागतो, आणि तो भार द्यायला शिकण्यातच पहिली दोन वर्षे जातात. हा कंटाळवाणा भाग ज्याने टाळला, त्याचे वादन पुढे कितीही सफाईदार झाले तरी लांब स्वरावर उघडे पडते. डाव्या हातासाठी पलटे आणि मींड यांचा क्रम आपल्या गुरूंनी सांगितला असेल तोच ठेवावा, त्यात मी काही सांगू इच्छित नाही.

परीक्षांबद्दल थोडक्यात. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंतच्या परीक्षा व्हायोलिन हा विषय घेऊन देता येतात आणि त्यानंतर अलंकार आहे. शिकवण्याचा पेशा करायचा असेल तर विशारद असावेच, कारण पालक आणि शाळा प्रथम तेच विचारतात. मात्र विशारद झाल्यावर लगेच वर्ग काढू नये; मध्ये दोन वर्षे तरी मिळेल त्या साथीला जावे. शिष्याला काय कठीण वाटणार आहे, हे साथीला अडखळल्याशिवाय कळत नाही.

वाद्य आणि पावसाळा

या विषयावर मी जरा विस्ताराने लिहिणार आहे, कारण घाटावरच्या शिक्षकांना याची झळ फारशी लागत नसल्यामुळे ते याबद्दल सांगत नाहीत, आणि आपल्याकडचा नवा वादक पहिल्याच पावसाळ्यात वाद्य गमावतो. व्हायोलिनचे लाकूड पातळ असते, आणि त्याचे सांधे सरसाने चिकटवलेले असतात. सरस ओलाव्याने मऊ पडतो. ही उणीव नाही, कारण दुरुस्तीसाठी वाद्य उघडता यावे म्हणूनच सरस वापरतात. परंतु जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत आपल्याकडे भिंतींनाही पाझर फुटतो, आणि तेव्हा वरची फळी आणि बाजूची पट्टी यांमधला सांधा हळूच सुटू लागतो.

माझ्या उमेदीच्या काळात एका जुलै महिन्यात वाद्य अचानक घोगरे वाजू लागले. तारा बदलल्या, तारांना खालून आधार देणारी घोडी सरळ केली, तरी फरक पडेना. शेवटी वाद्य आडवे धरून कडेने बोटाच्या पेराने टिचक्या मारीत गेलो, तेव्हा हनुवटीच्या आधाराखाली आवाज बदलला. तिथे चार बोटे लांबीचा सांधा सुटला होता. घाईत मी तो गावातल्या एका सुताराकडून फर्निचरच्या पांढऱ्या गोंदाने चिकटवून घेतला. तो सांधा पुन्हा कधीच सुटला नाही, पण पुढच्या मे महिन्यात लाकूड आकसले, सांध्याने जागा दिली नाही आणि फळीलाच चीर गेली. तेव्हापासून शिष्यांना सांगतो की, सांधा सुटला तर तारा सैल कराव्यात, वाद्य पेटीत ठेवावे आणि ज्याला व्हायोलिनचे काम येते अशाच कारागिराकडे कोल्हापूर, पुणे किंवा मुंबईला न्यावे, आणि सरसाशिवाय दुसरे काही लावू देऊ नये. टिचक्या मारून पाहण्याची सवय मात्र पावसाळ्यात आठवड्यातून एकदा ठेवावीच.

रोजची काळजी साधी आहे. वाजवून झाल्यावर गज सैल करावा, कारण दमट हवेत घोड्याचे केस लांबतात, आपण गज अधिक आवळतो, आणि ऊन पडल्यावर तेच केस आकसून काडीला वाकवतात. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या दर पंधरा दिवसांनी तव्यावर मंद आचेवर गरम करून पुन्हा कोरड्या कराव्यात. पेटी जमिनीवर किंवा बाहेरच्या भिंतीला लागून ठेवू नये. आतल्या खोलीतल्या कपाटाचा मधला कप्पा चांगला. पेटी आठवडेच्या आठवडे बंद राहिली तर केस खाणारी बारीक अळी होते, म्हणून वाजवणे झाले नाही तरी दोन दिवसांनी पेटी उघडावी. पावसात खुंट्या फुगून अडकतात; त्या जोर लावून फिरवल्या तर खुंटीचे डोके हातात येते. खुंटी किंचित बाहेर ओढून मग फिरवावी आणि तिच्या घासणाऱ्या भागावर कोरडा साबण व खडू बेताने लावावा. तारांच्या बाबतीत आतड्याच्या तारांचा मोह येथे धरू नये. पोलादी किंवा कृत्रिम गाभ्याच्या तारा दमट हवेत सूर टिकवतात. तारांचा एक पूर्ण जादा संच, एक जादा घोडी आणि गजाला लावायची राळेची वडी जवळ असावीच, कारण गणपतीच्या दिवसांत तार तुटली तर ती गावात मिळण्याची खात्री धरता येत नाही.

घोडीकडे रोज पाहावे. तारा चढवताना घोडीचे डोके बोर्डाकडे, म्हणजे बोटे ठेवायच्या काळ्या पट्टीकडे, ओढले जाते, आणि शेपटीकडची तिची बाजू फळीशी काटकोनात राहिली नाही तर ती एक दिवस आडवी पडते, कधी वाद्याच्या पोटातला, फळीला आधार देणारा खांबही पाडते. दोन्ही हातांच्या अंगठा-तर्जनीने तिला धरून हळूच मागे आणायला प्रत्येक शिष्याला पहिल्या वर्षातच शिकवावे.

साथ

येथे साथीची कामे अनेक प्रकारची मिळतात. नाट्यपदांच्या मैफली, दिवाळी पहाट, भावगीतांचे कार्यक्रम, देवळातले भजन आणि कीर्तन, कथकच्या वर्गांचा वार्षिक कार्यक्रम, तबल्याच्या एकलवादनाला लेहरा, म्हणजे तालाचे आवर्तन दाखवणारी तीच ती सुरावट. दशावतारात पेटी, पखवाज आणि झांज हीच परंपरा आहे, तिथे आपण शिरू नये. पण रात्रभर बसून तो पेटीवाला नटाच्या तोंडाकडे पाहून पद कसे उचलतो, हे पाहण्यासारखे आहे. साथ म्हणजे काय, हे मला तरी तिथे अधिक समजले.

साथीला जाण्यापूर्वी पट्टी, म्हणजे गायकाचा षड्ज पेटीच्या कुठल्या स्वरावर आहे ते, विचारावी, आणि ती एकच असेल असे गृहीत धरू नये. संवाद साधारण असा होतो. "बुवा, पट्टी कुठली धरू?" "काळी एक. पण मध्यंतरानंतर ताई गातील, त्यांची काळी चार." हे ऐकून नवा वादक घाबरतो, आणि काही जण दुसरे व्हायोलिन घेऊन येतात. त्याची गरज नसते. आपण बहुतेक जण जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत पंचम, षड्ज, पंचम, षड्ज असे वाद्य मिळवतो. काळी एकसाठी मिळवलेल्या वाद्यात पंचमाच्या दोन्ही तारा मुळात काळी चारवर असतात, म्हणजे ताईंचा षड्ज तयारच आहे. उरलेल्या दोन तारा, ज्या बुवांचा षड्ज होत्या, त्या बुवांच्या शुद्ध ऋषभापर्यंत चढवल्या की तो ताईंचा पंचम होतो, आणि वाद्य षड्ज, पंचम, षड्ज, पंचम असे मिळते. मध्यंतराची दहा मिनिटे याला पुरतात. मात्र चढवलेल्या तारा पाच मिनिटांत थोड्या उतरतात, म्हणून चहाला उठण्यापूर्वी एकदा आणि बैठकीवर परत बसल्यावर एकदा, अशा दोन वेळा मिळवाव्यात. बोटांच्या जागा या नव्या रचनेत बदलतात, तेव्हा दोन्ही रचनांत प्रत्येक रागाचे पलटे घरी बसलेले असावेत.

बैठकीवर मुख्य नियम असा, की गायकाच्या शब्दांवर आपण बोलू नये. तो शब्द घेत असताना त्याच्या स्वराच्या मागे, अर्ध्या मात्रेने, कमी आवाजात राहावे; तो थांबला की त्याने जिथे सोडले तिथूनच उचलावे आणि तो श्वास घेईपर्यंतच वाजवावे. व्हायोलिनचा आवाज गळ्याच्या इतका जवळ असतो की जरा पुढे गेले तर दोन गायक एकाच वेळी गात असल्यासारखे होते. गायकाने चुकून एखादा स्वर वेगळा लावला तर आपण बरोबर स्वर वाजवून तो उघडा पाडू नये, तिथे मोकळा षड्ज धरून राहावे. ही गोष्ट कोणी शिकवत नाही, आणि पुढची बोलावणी मात्र बहुधा हिच्यावरच अवलंबून असतात.

मानधनाचे बोलणे आधी करावे, आणि संकोच न करता करावे. देवळाचे काम असेल आणि आपण सेवा म्हणून जात असू, तर तसे स्पष्ट सांगून जावे. एरवी चार गोष्टी फोनवरच विचारून घ्याव्यात: मानधन किती, प्रवासखर्च त्यात धरून की वेगळा, ध्वनिक्षेपणाची सोय कोणाची, आणि कार्यक्रम संपल्यावर परतण्याची व्यवस्था काय. ही शेवटची गोष्ट आपल्याकडे फार महत्त्वाची आहे, कारण आडगावी कार्यक्रम रात्री एक वाजता संपतो, वस्तीची एसटी सकाळी सहाला निघते, आणि मधले पाच तास वाद्य घेऊन देवळाच्या पडवीत काढावे लागतात. आयोजकांनी कबूल केलेले मानधन नंतर पोहोचलेच नाही, असे माझ्या बाबतीत दोनदा झाले आहे. दोन्ही वेळा बोलणे तोंडी होते. तेव्हापासून मी ठरलेल्या गोष्टी एका छोट्या संदेशात लिहून पाठवतो आणि "ठीक आहे" एवढे उत्तर मागून घेतो.

आकाशवाणीची स्वरचाचणी जरूर द्यावी. रत्नागिरीला आकाशवाणीचे केंद्र आहे. बी, बी हाय, ए आणि टॉप या श्रेणींपैकी मिळालेली श्रेणी इतर आयोजकांच्या नजरेतही वादकाची ओळख ठरते. चाचणीसाठी मोजक्या रागांची तयारी ठेवून त्यांतच खोल जावे.

वर्षाची आखणी

उत्पन्न वर्षभर सारखे येत नाही, हे गृहीत धरून वही मांडावी. गणेशोत्सव, नवरात्र आणि दिवाळी हा कमाईचा काळ. त्यानंतर गावोगावच्या जत्रा, मग लग्नसराई, आणि मे महिन्यात चाकरमानी घरी आले की वाड्यावाड्यांतून कार्यक्रम होतात. जून आणि जुलै कोरडे जातात. भातलावणीच्या दिवसांत शेतकरी कुटुंबांतली मुले वर्गालाही येत नाहीत आणि त्यांना रागावू नये, ती शेतावर हवीच असतात. मी या दोन महिन्यांचा घरखर्च दिवाळीतच बाजूला काढून ठेवतो, आणि ते दिवस स्वतःच्या रियाजाला, गुरूंकडे चार दिवस जाऊन राहण्याला आणि वाद्याच्या दुरुस्तीला देतो. दुरुस्तीसाठी कोकणकन्या एक्स्प्रेसने रात्री निघून सकाळी मुंबई गाठता येते. वाद्य मात्र डब्यात वरच्या बाकावर आपल्या उशाशी ठेवावे.

गणपतीत दोन आठवडे वर्ग बंद ठेवावेत आणि तसे फीच्या कागदावर वर्षाच्या सुरुवातीलाच छापावे. परीक्षांची सत्रे एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर अशी येतात. कोकणातल्या मुलांना नोव्हेंबरचे सत्र जड जाते, कारण ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत घरात सणच असतात. मी शक्यतो मुलांना एप्रिललाच बसवतो.

शिकवणे

वर्गाची सुरुवात बहुधा अशी होते, की कार्यक्रम संपल्यावर कोणी तरी जवळ येऊन विचारतो, "मास्तरांनु, माझ्या चेडवाक शिकवशात काय?" त्या वेळी लगेच फी सांगू नये. मुलीला घेऊन या, एक तास बसू द्या, असे सांगावे. तिला तंबोऱ्याबरोबर सा लावायला सांगावे आणि सूर किती वेळात सापडतो ते पाहावे. लगेच सापडला नाही तरी घ्यावे. पण तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नाला तिच्या कानाला फरक कळतो का, हे पालकांसमोरच दाखवावे, म्हणजे पुढच्या सहा महिन्यांत काय कष्ट आहेत याची त्यांनाही कल्पना येते.

वाद्य विकत घ्यायला पहिल्याच दिवशी लावू नये. मुलाने डावा हात सरळ पुढे केला असता वाद्याचे डोके त्याच्या तळव्यात बसेल, एवढ्या मापाचे वाद्य हवे असते, आणि वाढत्या वयात अर्धे, पाऊण आणि पूर्ण अशी तीन मापे लागतात. प्रत्येक वेळी नवे घेणे बहुतेक घरांना परवडत नाही. मी सुरुवातीच्या वर्षांत दोन अर्धी आणि दोन पाऊण मापाची वाद्ये हळूहळू जमवली आणि ती माफक भाड्याने देतो. स्वस्त वाद्य घेतलेच असेल तर घोडी आणि खुंट्या कारागिराकडून नीट करून घेतल्याशिवाय त्यावर शिकवू नये, कारण तारा बोर्डापासून जास्त उंच असल्या तर मुलाची बोटे दुखतात आणि आपल्याला जमत नाही असे त्याला वाटू लागते.

बैठक पहिल्या दिवसापासून पक्की करावी. मांडी घालून बसणे, वाद्याचे डोके उजव्या पायाच्या घोट्याशी टेकवणे, खालचा भाग डाव्या खांद्याखाली छातीशी स्थिर करणे, म्हणजे डावा हात तारेवर वरखाली सरकायला मोकळा राहतो. आपल्या मींडेला हा मोकळेपणा हवाच. ज्या मुलाने चर्चच्या वर्गात उभे राहून वाजवायला शिकले आहे, त्याची ती सवय मोडू नये. दोन्ही बैठका त्याला येऊ द्याव्यात.

बोर्डावर चिकटपट्ट्या लावून स्वरांच्या जागा दाखवण्याची पद्धत आता सर्रास झाली आहे. मी फक्त पंचमाच्या जागी एक पट्टी लावतो आणि तीही तीन महिन्यांत काढतो. सात पट्ट्या लावल्या की मूल डोळ्यांनी वाजवते आणि कान झोपी जातो. त्याऐवजी वाद्यालाच शिक्षक करावे. षड्जाच्या तारेवर बोटाने पंचम लावला, आणि तो अगदी जागेवर लागला, तर शेजारची मोकळी पंचमाची तार कोणी न छेडता थरथरू लागते. तारेवर कागदाचा बारीक घडी घातलेला तुकडा ठेवला तर तो उडून पडतो. माझ्या वर्गात देवरुखकडची एक नऊ वर्षांची मुलगी होती. तिचा पंचम आठवडाभर केसाएवढा उतरत होता, आणि मी "चढव, चढव" म्हणून थकलो होतो. कागद ठेवल्यावर ती गप्प झाली, बोट हळूहळू सरकवीत राहिली, आणि कागद उडाला तेव्हा गज थांबवून तिने तो उचलून पुन्हा ठेवला. त्या दिवशी तिने तो वीस-पंचवीस वेळा उडवला, आणि त्यानंतर तिच्या पंचमाबद्दल मला कधी बोलावे लागले नाही.

पहिले वर्ष एकेकट्याला शिकवावे, गटात नव्हे. अर्धा तास पुरतो, पण तो आठवड्यातून दोनदा हवा. फी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आगाऊ घ्यावी आणि ज्याला देणे खरोखर अशक्य आहे त्याच्याकडून घेऊ नये. दोन्ही गोष्टी खासगीत, पालकांशी बोलून कराव्यात, मुलासमोर नव्हे. मुंबईत राहणाऱ्या चाकरमान्यांच्या मुलांना दूरस्थ पद्धतीने शिकवण्याचे काम आता भरपूर मिळते, पण आवाज उशिरा पोहोचत असल्याने दोघांना एकत्र वाजवता येत नाही. तिथे मुलाकडून आधी ध्वनिमुद्रण मागवून, ते दोघांनी मिळून ऐकत चुका सांगाव्यात, आणि मे महिन्यात ते मूल गावी आले की रोज समोर बसवावे. दहा ते चौदा वयाच्या हुशार मुलांसाठी केंद्र सरकारच्या सीसीआरटी या संस्थेची सांस्कृतिक शिष्यवृत्ती आहे. तिचा अर्ज भरायला पालकांना मदत करणे हेही आपल्या कामातच धरावे.

शिकवण्याच्या दिवशी स्वतःचा रियाज वर्गाआधी उरकावा. दिवसभर मुलांचे उतरलेले स्वर ऐकल्यावर संध्याकाळी आपला कानही सैल होतो, हे मला फार उशिरा लक्षात आले. एखाद्या दिवशी सकाळ हुकलीच, तर रात्री निदान मोकळ्या तारांवर अर्धा तास काढून कान पुन्हा जागेवर आणावा.

पाच-सहा वर्षे शिकलेला शिष्य तयार वाटू लागला की त्याला साथीला बसवण्याची वेळ आपणच ठरवावी, आयोजकांवर सोडू नये. पहिले काम गावातल्याच देवळातले हरिपाठाचे किंवा भजनाचे असावे, पट्टी एकच असावी, आणि आपण त्याच्या मागे, तंबोऱ्याजवळ बसावे. त्याला सांगावे की पहिल्या अभंगाला फक्त षड्ज-पंचम धरायचा, दुसऱ्याला ध्रुवपदाच्या शेवटची ओळ उचलायची, आणि बुवांनी मागे वळून पाहिले तरच पुढे जायचे. तो अडखळला तर मागून हात घालू नये. बुवांना आधीच सांगून ठेवलेले असावे, ते सांभाळून घेतात. मानधन ठरलेले असेल तर त्याचे पाकीट आपल्या हातात न घेता आयोजकांना त्याच्याच हातात द्यायला सांगावे, आणि घरी परतताना त्याच रात्री, वाटेत, कुठल्या अभंगाला गज कमी पडला ते बोलून घ्यावे.